‘इंधनाशिवाय वीज’ देणारा जनरेटर: पैसे भरण्याआधी हे वाचा

इंधन नको, ऊन नको, वारा नको. एकदा चालू केला की जन्मभर वीज, असं सांगून आम्हाला जनरेटर विकला. मेहुण्यांनी आणि मी निम्मे-निम्मे पैसे घातले. आता विकणाऱ्याचा फोन लागत नाही. पैसे बुडाले ते बुडाले, पण हीच टोपी आणखी कुणाला घातली जाऊ नये म्हणून लिहितोय.

प्रात्यक्षिक झकास होतं. मोटर जड चाक फिरवते, चाक अल्टरनेटर (फिरवलं की वीज तयार करणारं यंत्र) फिरवतं, त्याची थोडी वीज परत मोटरला आणि उरलेली दिव्याला. सगळ्यांदेखत प्लग काढला, तरी शंभर वॅटचा बल्ब जळतच राहिला. टाळ्या! घरी आणल्यावर यंत्र दोन तासांत थंड पडलं, तेव्हा खालचा पत्रा उघडला. आत फोममध्ये दडवलेली बॅटरी आणि इन्व्हर्टर. बल्बची वायर थेट तिथूनच गेलेली.

बॅटरी नसती तर? २० किलोचं, २५ सेंटीमीटर त्रिज्येचं भरीव चाक मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर त्यात साधारण ७७०० ज्यूल ऊर्जा असते. तेवढ्यावर तो बल्ब जेमतेम सव्वा मिनिट चालेल, आणि तीही ऊर्जा आधी आपणच घातलेली. घातली त्याहून जास्त निघत नाही, हा उष्मागतिकीचा, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राचा, पहिला नियम. मोटर आणि अल्टरनेटर प्रत्येकी ८० टक्के कार्यक्षम धरले, तरी एका फेरीत १०० चे ६४ उरतात. बाकीच्या ३६ ने वायंडिंग (तारेची वेटोळी) आणि बेअरिंग तापतात. ती उष्णता गोळा करून पुन्हा पुरती वीज करू म्हटलं, तर दुसरा नियम आडवा येतो: उष्णतेची पूर्णच्या पूर्ण वीज होत नाही.

‘१२ व्होल्ट घालतो, २३० काढतो’ हेही ऐकवतील. व्होल्टेज कुठलाही इन्व्हर्टर वाढवतो. दोन्हीकडचे वॅट मोजायला सांगा.

‘नियम पुस्तकातले, आमचं संशोधन त्यापुढचं’ म्हणे! हे संशोधन फार जुनं आहे. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ सालीच असल्या यंत्रांचे प्रस्ताव तपासणं बंद केलं. १८१३ मध्ये अमेरिकन अभियंता रॉबर्ट फुल्टनने चार्ल्स रेडहेफर नावाच्या माणसाच्या अशाच ‘आपोआप चालणाऱ्या’ यंत्राजवळच्या फळ्या उचकटल्या, तर लपवलेल्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला दांडा फिरवणारा म्हातारा सापडला.

घ्यायचंच असेल तर यंत्र पूर्ण उघडं ठेवून, भार जोडून, तुमच्या कुलपात आठवडाभर चालवून दाखवा म्हणा. पत्रा काढून दाखवा, असं मेहुणे प्रात्यक्षिकातच म्हणाले होते. उत्तर आलं, ‘सील तोडलं तर वॉरंटी जाते.’