दोघांची पेन्शन, दोन रिटर्न: कोथरूडच्या टॅक्स ऑफिसचा अनुभव

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा कापलाय तो जिन्यासाठी, तो शेवटी सांगते.

आम्ही दोघंही पेन्शनर. हे पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून. कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीतलं, टॅक्सचं रिटर्न भरून देणारं हे सीएचं ऑफिस आम्हाला सकाळी फिरायला येणाऱ्या एका काकांनी सुचवलं, आणि आधीच सांगते की दोन वर्षं आधी कळलं असतं तर आमचे २१,८४० रुपये वाचले असते. ते कसे गेले ते नीट लिहिते कारण माझ्या ओळखीच्या निदान तीन घरांत हेच झालंय.

आधी आम्ही दुसऱ्या एकाकडून रिटर्न भरून घ्यायचो. २०२३-२४ मध्ये यांची पेन्शन वर्षाची ५,४६,००० आणि एफडीचं व्याज १,७५,०००, म्हणजे ७,२१,०००. त्याने पेन्शन टाकली "इतर उत्पन्न" मध्ये, व्याजाच्या शेजारी. आता स्वतःच्या नोकरीची पेन्शन ही कायद्याने पगारातच धरतात, आणि पगारात धरली की स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट वजा होणारी ठरावीक रक्कम, मिळतं, त्या वर्षी ५०,००० होतं. ते वजा केलं असतं तर ६,७१,००० झाले असते आणि नव्या करपद्धतीत तेव्हा सात लाखांच्या आत टॅक्स शून्य. पण डिडक्शनच नाही घेतलं, त्यामुळे सातच्या वर गेलो, व्याजावर बँकेने कापलेले १७,५०० गेले आणि वरून ४,३४० भरायला लावले. आम्ही भरले की, सरकारी नोकरी केलेली माणसं आम्ही, टॅक्स आला म्हणजे भरायचा.

या ऑफिसातल्या सीए मॅडम तशा लहान वयाच्या आहेत, पण जुन्या रिटर्नची प्रिंट हातात घेतल्यावर दुसऱ्या मिनिटाला त्यांनी तो रकाना दाखवला. काकू हे इथे का टाकलंय? मी काय सांगणार. मग त्यांनी समजावलं की "इतर उत्पन्न" मध्ये जाते ती फॅमिली पेन्शन, म्हणजे नवरा किंवा बायको गेल्यावर मागे राहिलेल्याला मिळते ती, आणि तिला सूटही वेगळी, एक तृतीयांश किंवा ठरलेली रक्कम यातलं जे कमी ते, नव्या पद्धतीत आता २५,००० पर्यंत. दोन्हीला आपण पेन्शनच म्हणतो म्हणून घोळ होतो. सुधारित रिटर्नची मुदत १५ जानेवारी २०२५ ला संपली होती. विलंब माफ करा असा अर्ज खात्याकडे करता येतो, पण मंजूर होईलच असं मी सांगणार नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. मला हे फार आवडलं. पैसे काढून देतो म्हणून आशा लावणारे खूप भेटतात.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या दोघांचे कागद एकत्र बघतात. आपल्याकडे नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न नसतंच, प्रत्येकाचं वेगळं, पण पैसे तर घरात मिसळलेलेच असतात ना. त्यांनी एकेक एफडी काढून विचारलं की हे पैसे मुळात कुणाचे? माझ्या ग्रॅच्युइटीचे आणि मी पेन्शनचा काही भाग विकला, म्हणजे एकरकमी घेतला, त्याचे पैसे माझ्या नावावर आहेत, त्याचं व्याज माझंच. पण एक पाच लाखांची एफडी यांच्या पैशातून माझ्या नावावर केलेली होती, टॅक्स वाचेल म्हणून कुणीतरी सांगितलेलं. तर तसं वाचत नाही, नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशाचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. त्यांनी ते यांच्याकडे घेतलं. टॅक्स वाढला तरी बरोबर ते बरोबर, आणि नंतर नोटीस येण्यापेक्षा हे बरं. विकलेल्या पेन्शनचंही सांगितलं, सरकारी माणसाला एकरकमी मिळाली त्याच्यावर टॅक्स नाही आणि दर महिन्याला जी कापून हातात येते तेवढीच उत्पन्न धरायची. आमच्या शेजारचे अजून पूर्ण पेन्शन दाखवतात, त्यांना सांगितलंय.

२०२४-२५ चा हिशोब असा झाला. यांची पेन्शन ५,७६,०००, त्यातून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन, अधिक व्याज २,१०,०००, एकूण ७,११,०००. त्या वर्षीच्या सात लाखांच्या वर अकराच हजार, तर टॅक्सही त्या अकरा हजारांपेक्षा जास्त लागत नाही, अधिक त्या टॅक्सवरचा सेस, म्हणजे उपकर, मिळून ११,४४०. बँकेने २१,००० कापले होते, ९,५६० परत आले, तीन आठवड्यांत. जुन्या करपद्धतीनेही करून दाखवलं, व्याजाची ५०,००० ची सूट आणि मेडिक्लेम धरूनही ४१,००० च्या वर जात होता. माझी पेन्शन ४,३२,००० आणि व्याज ९०,०००, टॅक्स शून्य. पण टॅक्स शून्य म्हणजे रिटर्न भरायचं नाही असं नाही हं, त्या वर्षी तीन लाखांच्या वर उत्पन्न होतं तर भरायचंच होतं.

माझ्या वन्सं तिकडे न्यूयॉर्कला सरकारी शाळेत शिकवायच्या, फोनवर मी हे सगळं सांगितलं तर त्यांचं तिसरंच. तिकडे देशाचा टॅक्स वेगळा आणि राज्याचा वेगळा. न्यूयॉर्क राज्य आपल्याच शिक्षकांच्या पेन्शनवर राज्याचा टॅक्स घेत नाही, देशाचा मात्र लागतो. मग वन्सं आणि त्यांचे यजमान न्यू जर्सीत राहायला गेले, तर आता न्यू जर्सीचा नियम, बासष्टच्या पुढचं जोडपं एकत्र रिटर्न भरत असेल आणि उत्पन्न एक लाख डॉलरच्या आत असेल तर एक लाख डॉलरपर्यंतची पेन्शन सोडतात. घर बदललं की पेन्शनचा टॅक्स बदलतो हे ऐकून मला नवलच वाटलं. आपल्याकडे पुण्यात राहा नाहीतर गोव्याला जा, इन्कम टॅक्स केंद्राचा, एकच. राज्याचा तो प्रोफेशन टॅक्स, नोकरीत असताना महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापायचे, पेन्शनवर तो नाही.

फी दोघांची मिळून १,५००, पावतीसकट. गर्दी असते, सप्टेंबरमध्ये तर आम्ही सव्वा तास बसलो होतो, पाणी विचारलं, खुर्ची दिली. दुसऱ्या मजल्यावर ऑफिस आणि लिफ्ट नाही, यांचे गुडघे दुखतात म्हणून सही घ्यायला ऑफिसातला मुलगा खाली आला, पण प्रत्येकासाठी कसं येणार. एवढी ज्येष्ठ मंडळी येतात तर तळमजल्यावर जागा बघा अशी कळकळीची विनंती आहे.

जाताना दोघांचे पॅन, सगळ्या बँकांचे व्याजाचे दाखले, पेन्शनचा वर्षाचा उतारा आणि जुनी रिटर्न घेऊन जा, जुनी नक्की न्या. २०२५-२६ साठी बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणून यांचा १५ एच, म्हणजे व्याजावर टॅक्स कापू नका असं बँकेला सांगणारा फॉर्म, त्यांनी तिथेच भरून दिला, तो दुसऱ्या दिवशी बँकेत देऊन आलो, म्हणजे उरलेल्या वर्षाचं तरी कापायचं थांबेल.