घरातले रिमोट मोबाइलवर आणायचे, तर यूनो, नोडएमसीयू की तयार डबी?

आधी मोबाइलचा वरचा काठ बघा. शाओमीच्या बऱ्याच मोबाइलमध्ये तिथे आयआर (इन्फ्रारेड) एलईडी असतो, म्हणजे रिमोटच्या टोकाला असतो तसा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडणारा दिवा. तुमच्यात असेल आणि खोलीत बसूनच टीव्ही-पंखा चालवायचा असेल, तर रिमोटचं ॲप टाका नि विषय संपवा.

अर्डुइनो यूनो (प्रोग्राम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि त्याला जोडायचं एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल ही इंजिनिअरिंगच्या मिनी प्रोजेक्टची ठरलेली जोडी. राउटर बंद असला तरी चालते, हा तिचा गुण. पण आयफोन एचसी-०५ ला जोडला जात नाही. घरात एकाकडे जरी आयफोन असला, तरी माझ्या मते हा पर्याय बाद.

नोडएमसीयू हाही यूनोसारखाच बोर्ड, पण त्यात वायफाय बोर्डावरच असतं, फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं. त्यावर छोटं वेबपेज ठेवलं की कुठल्याही मोबाइलच्या ब्राउझरमधून बटणं दाबता येतात. आयआर एलईडी थेट पिनला लावू नका. पिन जेमतेम १२ मिलिअँपिअर देते, सोफ्यावरून टीव्ही ऐकणार नाही. मध्ये एलईडीला जास्त करंट देणारा २एन२२२२ ट्रान्झिस्टर हवाच. एलईडी पेटतो का, ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा: जांभळट लुकलुक दिसते. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसली तर सेल्फीचा लावा. सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतं.

खरी परीक्षा एसीची. टीव्हीच्या बटणाचा एक ठरलेला कोड असतो. रिमोटचा आयआर सिग्नल पकडणाऱ्या १८३८ रिसीव्हरने तो टिपायचा, तसाच सोडायचा. एसीचा रिमोट मात्र प्रत्येक दाबाला तापमान, मोड, पंख्याचा वेग असं सगळंच पाठवतो. म्हणजे २४ चा कोड वेगळा, २५ चा वेगळा. असे लांबलचक कोड टिपून साठवायला यूनोची २ केबी रॅम तोकडी पडते. नोडएमसीयूसाठी आयआररिमोटईएसपी८२६६ ही लायब्ररी (आयता प्रोग्राम-संच) आहे. तिच्यात डायकिन, एलजी, व्होल्टास वगैरेंची भाषा तयारच आहे, त्यामुळे एसी असेल तर मी डोळे झाकून नोडएमसीयू घेईन.

तयार वायफाय डबी, म्हणजे मोबाइलवरून आलेला हुकूम आयआरने सोडणारं बाजारातलं आयतं यंत्र, महाग पडते आणि बहुतेक डब्या कंपनीच्या सर्व्हरवर विसंबून असतात. तरीही गावी आईबाबांकडे लावायचं असेल तर तीच न्या. बिघडलं तर सोल्डरिंग गन घेऊन तुम्हालाच पळावं लागणार नाही.

फायर टीव्ही स्टिकचा रिमोट ब्लूटूथवर चालतो. तिच्यावर यातल्या कशाच्याही आयआरची मात्रा चालणार नाही. तिच्यासाठी ॲमेझॉनचं स्वतःचं ॲप वापरा.