रेडिओवरचा रात्रीचा हिपहॉप तास, महिनाभर ऐकून

दुकान बंद करून बेळगावच्या खडेबाजारातून टिळकवाडीला घरी जाईपर्यंत एका एफएमचा हिपहॉपचा तास ऐकतोय, महिना झाला, आणि आता खरंच वाईट वाटालंय. आवाज क्लिअर, जाहिराती बेताच्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण गाणी! परवा दुसऱ्या रेल्वे गेटला गेट पडलं म्हणून थांबलो होतो, गाणं संपून दुसरं सुरू झालं तरी मला कळलंच नाही, तोच ड्रमच्या झांजेचा टिकटिकटिक हाय-हॅट, तोच घुमणारा बेस, तोच ऑटोट्यूनचा, म्हणजे सॉफ्टवेअरनं सुरात बसवलेला गळा.

त्या बेसचं मूळ म्हणजे रोलंड कंपनीचं टीआर-८०८, १९८० सालचं ड्रमचा ठेका वाजवणारं मशीन. मशीनचा दोष नाही हो, त्याच्यावर किती वेगवेगळं काम झालंय. १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्क दोन टर्नटेबलवर फंकच्या रेकॉर्डमधला फक्त ड्रमचा तुकडा लांबवायचा, तिथनं हे सगळं सुरू झालं. नंतर जुन्या रेकॉर्डचे ढीगभर तुकडे जोडून गाणी व्हायची, १९९१ ला अमेरिकेत कोर्टाने परवानगीशिवाय सॅम्पल, म्हणजे असा दुसऱ्याच्या रेकॉर्डचा तुकडा, वापरणं म्हणजे चोरीच ठरवलं आणि ते महागात पडायला लागलं. तरी चांगलं काम थांबलं नाही, आजही होतंय, फक्त रेडिओवाले तीच पंधरा-वीस गाणी फिरवून फिरवून लावालेत.

आमच्या गल्लीतली पोरं गच्चीवर मराठी-कन्नड मिसळून रॅप करतात, फोनवर रेकॉर्ड केलेलं, पण प्रत्येकाचा ठेका वेगळा. असलं आठवड्यातनं अर्धा तास तरी लावा की. तोपर्यंत पाचपैकी दोन स्टार.