शास्त्रज्ञांशी व्हिडिओ कॉल, दहा महिन्यांनंतर: टीव्ही राहू द्या, आधी माईक घ्या

गेल्या बुधवारी माईक बंद पडला, म्हणून आज लिहायला बसलो. सप्टेंबरपासून आमच्या जिल्हा परिषद शाळेतली सहावी ते आठवीची मुलं, उन्हाळ्याची सुट्टी सोडली तर दर महिन्याला, कुण्या ना कुण्या शास्त्रज्ञाशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, पांढरकवड्याच्या बाजूचं, सगळं कापसाचं. कॉल कसा लावायचा हे आता साऱ्यांना येतं, ते सांगत नाही. मला आवाजाबद्दल सांगायचं आहे.

कल्पना माझी नाही. अमेरिकेत स्क्विड या समुद्री जीवावर संशोधन करणाऱ्या सारा मॅकअनल्टी यांनी २०१७ साली ‘स्काईप अ सायंटिस्ट’ सुरू केलं. शिक्षकाने फॉर्म भरायचा, वर्गाला जुळेल असा शास्त्रज्ञ तिकडून मिळतो, पैसे लागत नाहीत. स्काईप २०२५च्या मे महिन्यात बंद झालं, तरी पद्धत घेण्यासारखी आहे: व्याख्यान नाही, मुलांनी विचारायचं आणि शास्त्रज्ञाने उत्तर द्यायचं. मी तीच उचलली आणि ईमेल पाठवून, ओळखीतून विचारून माणसं गाठली. दहा ईमेल केले की तीन उत्तरं येत. पण जे हो म्हणाले, त्यांतल्या एकानेही मानधनाचा विषय काढला नाही.

सुरुवातीला मला वाटायचं, पडदा मोठा पाहिजे. गावाने वर्गणी करून ४३ इंची टीव्ही दिला होता, त्यामुळे सगळं जमलंच असं धरून चाललो. पहिला कॉल इंग्लंडमधल्या एका वनस्पतीशास्त्रज्ञांशी होता. टिनाचं छत, चौतीस मुलं आणि लॅपटॉपचा स्वतःचा माईक. पोरगी प्रश्न विचारी, तिकडून पुन्हा विचारायला सांगत, आणि मग तो प्रश्न मी इंग्रजीत सांगायचो. सातवीतल्या एका मुलाने विचारलं होतं, “सर, सायंकाळी पऱ्हाटीचे पानं मावळतीकडं कललेले रायते, सकाळी पाह्यलं त उगवतीकडं. रातभरात कोन फिरवते?” पऱ्हाटी म्हणजे कपाशी. मी घाईत विचारलं, झाडं हलतात का? उत्तर आलं, हो, हलतात. मुलगा खाली बसला. त्या रात्री मी नोंदवहीत ‘कॉल उत्तम झाला’ असं लिहिलं. आज ती ओळ मी खोडतो. चाळीस मिनिटं मीच बोलत होतो. त्या मुलाने वावरात उभं राहून जे पाहिलं, ते पलीकडे पोहोचलंच नाही.

मग तालुक्याच्या बाजारातून नऊशे रुपयांचा ब्लूटूथ स्पीकर आणला. आवाज मोठा झाला, पण तिकडच्यांचाच. तो फिरून लॅपटॉपच्या माईकमध्ये शिरायचा आणि त्यांना स्वतःचं बोलणं परत ऐकू यायचं. दुकानदाराने माल परत घेतला नाही. ते नऊशे रुपये अजून डोक्यातून जात नाहीत, कारण तेवढ्यात वर्गासाठी दोन भिंगं आली असती. शेवटी खिशातून तेवीसशे घालून यूएसबीचा स्पीकरफोन मागवला: माईक आणि स्पीकर एकाच डबीत, घुमून परत येणारा आवाज आतल्या आत दाबला जातो. भिंतींवर सतरंज्या टांगल्या, आणि डबी मुलांच्या हातात दिली. ज्याच्या हातात डबी, तो बोलणार. मी खोलीच्या मागे उभा राहतो.

ऑक्टोबरचा कॉल एका कीटकशास्त्रज्ञ मॅडमशी झाला. मूळच्या वऱ्हाडातल्याच. सहावीतल्या मुलीने डबी दोन्ही हातांनी तोंडाशी धरली आणि विचारलं, “मॅडम, आमच्या वावरातल्या कामगंध सापळ्यात नरच फसते म्हनते. मंग अंडे काऊन कमी होत नाही?” मॅडम मनापासून हसल्या आणि वऱ्हाडीतच बोलायला लागल्या. सापळ्यातल्या गोळीला गुलाबी बोंडअळीच्या मादी पतंगाचा वास असतो, म्हणून नर येतात, पण बाहेर उरलेले नर माद्यांना पुरून उरतात. गोळी लावायची ती पतंग मोजण्यासाठी. सलग तीन रात्री एका सापळ्यात दर रात्री आठ किंवा जास्त पतंग पडले, तर समजायचं बोंडअळी नुकसान करण्याइतकी वाढली. एकदा अळी बोंडात शिरली की छिद्र बुजतं आणि फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मग त्यांनी उलटं विचारलं, “तुझ्याकडं रोज किती पडते?” पोरगी गप्प झाली. मोजले नव्हते.

चार दिवसांनी ती वही घेऊन आली. रोज सकाळी सापळ्याची पिशवी सोडून पतंग कागदावर ओतायची, काडीने एकेक बाजूला सारायची. पानावर पंखांची राखाडी भुकटी चिकटली होती आणि शेजारी आकडे होते: ११, ९, १४. मॅडमना कळवलं, तर त्या संध्याकाळी दहा मिनिटांसाठी पुन्हा कॉलवर आल्या. आकडे विचारून, कॅमेऱ्यासमोर कागदावर लिहून घेतले. आपला आकडा शास्त्रज्ञ लिहून घेतात हे त्या पोरीने पाहिलं. तिच्या बापाने दुसऱ्या दिवशी वावरात जाऊन वीस हिरवी बोंडं फोडून पाहिली.

म्हणून परदेशी शास्त्रज्ञच हवेत, हे माझं मत आता राहिलं नाही. तरी तिकडच्या कॉलसाठी एक सावधगिरी: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडची घड्याळं तासभर मागे जातात. तिथले सकाळचे अकरा आधी आपले साडेतीन असतात, नंतर साडेचार. नोव्हेंबरमध्ये पोरं तासभर सतरंजीवर ताटकळली, चूक माझी होती. आणि टिनावर धो धो पाऊस असेल तर कॉल पुढे ढकला, कोणताही माईक कामाचा नाही.

आता बुधवारचं. वायर डबीच्या बुडाशी तुटली. कंपनीला फोन केला, तर नागपूरला स्वखर्चाने पाठवा म्हणाले. तीनदा फोन केल्यावर कळलं की वायर वॉरंटीत बसतच नाही. वॉरंटी एक वर्षाची, वापर दहा महिन्यांचा, आणि वस्तूचा सर्वांत नाजूक भाग वॉरंटीबाहेर! मला हे पटत नाही, तसं मी त्यांना लेखी कळवलं आहे. बाजाराच्या दिवशी मोबाईल दुरुस्तीवाल्याने साठ रुपयांत डाग देऊन जोडून दिली. घेणार असाल तर वायर वेगळी निघते असाच माईक घ्या. पोरं तो हातोहात फिरवणार, आणि फिरवायलाच पाहिजे.

पुढचा कॉल १८ तारखेला, इंग्लंडच्या त्याच वनस्पतीशास्त्रज्ञांशी आहे. पऱ्हाटी सध्या चार-पाच पानांवर आहे. तो सातवीतला मुलगा आता आठवीत गेला. त्याने पानांचा प्रश्न इंग्रजीत लिहून काढला आणि दोनदा माझ्याकडून तपासून घेतला. सूर्य आणि पान कुठल्या वेळी कुठे असतं, याचं चित्रही काढलं आहे. डबी पहिल्यांदा त्याच्याच हातात देणार.