नॅशनल पार्कातले फॅमिली नेचर ट्रेल: पावसाळा ते उन्हाळा, आमचा अनुभव

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या वेळा, तिकिटं, सोमवारची सुट्टी हे सगळ्यांना माहीत आहे, ते परत लिहीत नाही. लिहायला बसले ते एका भांडणामुळे. ज्या खासगी आयोजकाकडून आम्ही रविवारचे ट्रेल करायचो, त्याने ऐन वेळी ट्रेल रद्द केला आणि "पुढच्या वेळी वळते करून घेऊ" म्हणत फोन ठेवून दिला. चार वर्षांच्या मुलीचे पूर्ण पैसे घेतले होते, त्यात टी-शर्ट आणि खाऊचा डबा धरलेला. आम्हाला दोन्ही नको होतं, पण ते वगळून पैसे भरायची सोयच नाही.

पैशांचं एकवेळ राहू दे. माझा खरा आक्षेप आहे तो एका मार्गदर्शकामागे चाळीस माणसं नेण्याला. उद्यानातली शिलोंड्याची पायवाट अरुंद, रांगेनेच चालावं लागतं. पुढे मार्गदर्शक जायंट वूड स्पायडर हा कोळी दाखवतो: मादी पायांसकट तळहाताएवढी आणि त्याच जाळ्यात तिचा नर, जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा. हे कळतं पहिल्या आठ-दहा जणांना. मागचे पोचेपर्यंत तो पुढच्या झाडापाशी. लहान मुलं हमखास मागे पडतात, म्हणजे ज्यांच्यासाठी कार्यक्रम त्यांनाच काही दिसत नाही. काय बघितलंस विचारलं तर माझा मुलगा म्हणाला, "काकांची सॅक."

पावसाळाभर माझं मत होतं, पैसे वाया. दिवाळीनंतर ते पार बदललं. ओळखीतून दहा जणांच्या गटात गेलो, मार्गदर्शक तिथल्याच पाड्यावरचे. त्यांनी मुलांना सगळ्यांत पुढे घेतलं आणि ओंबिलांच्या, म्हणजे पानं शिवून घरटं करणाऱ्या मुंग्यांच्या, घरट्यापाशी थांबवलं. "बाळा, जवळ ये, पण फांदीला हात नको लावू." काही मुंग्या दोन पानांच्या कडा ओढून धरत होत्या. बाकीच्यांच्या तोंडात स्वतःच्या अळ्या होत्या. अळीचं तोंड एकदा या कडेला, एकदा त्या कडेला टेकवायचं, तिच्यातून निघणाऱ्या रेशमाने पानं शिवली जातात. मुलगा तिथून हलेना आणि कुणी त्याला घाईही केली नाही. आता आमच्या सोसायटीतल्या आंब्यावर तो रोज ओंबील शोधतो.

उद्यानातली कान्हेरीची लेणी सासूबाईंना सगळ्यांत आवडली. खडकात कोरलेल्या पाण्याच्या पोढी आणि त्यांत पाणी आणणारे पन्हळ बघण्यात त्या रमल्या. गेटपासून सहा-सात किलोमीटर आहे, वयस्कर माणसांना चालवू नका. बिबट्या दिसेल या आशेने तर मुळीच जाऊ नका.

एक पैसे वाचवणारी गोष्ट. इथली कारवी (डोंगरउतारावरचं झुडूप) आठ वर्षांनी एकदा भरभरून फुलते, 2016 नंतर ती 2024 मध्ये फुलली. तेव्हा 2032 पर्यंत कुणी 'कारवी स्पेशल' म्हणून जादा पैसे मागितले तर देऊ नका.

पैसे भरण्याआधी मी आता दोनच गोष्टी विचारते: एका मार्गदर्शकामागे किती जण, आणि मुलांना पुढे ठेवणार का? उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी मागते. नाही आलं तर जात नाही. आधीच्या आयोजकाकडे आमचे पैसे अजून अडकलेत, दर सोमवारी मेसेज टाकते आहे.