प्रागच्या परिषदेसाठी खोली घेतली आणि ५४ हजार रुपये गेले

आयकॉम ही जगभरच्या संग्रहालयांची आणि तिथे काम करणाऱ्यांची संघटना, १९४६ पासूनची. दर तीन वर्षांनी तिची मोठी परिषद भरते. २०२२ साली ती २० ते २८ ऑगस्टला चेक प्रजासत्ताकातल्या प्रागमध्ये होती. मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका लहान वस्तुसंग्रहालयात अभिरक्षक आहे. पावसाळ्यात पोथ्यांना बुरशी आणि कसर लागू नये म्हणून आम्ही काय करतो, यावरचा माझा छोटा निबंध तिथल्या एका सत्रासाठी स्वीकारला गेला. खर्च पदरचाच होता, तरी जायचं ठरवलं.

जूनमध्ये एका दुपारी मी भांडारात पोथ्या तपासत असताना परदेशी नंबरवरून फोन आला. माणूस शांत आणि अदबशीर होता. ‘परिषदेच्या निवास विभागातून बोलतोय’ म्हणाला. माझं नाव, निबंधाचं शीर्षक, सत्राचा दिवस, सगळं त्याला ठाऊक होतं. परिषद जिथे भरणार होती त्या काँग्रेस सेंटरजवळच्या हॉटेलांत प्रतिनिधींसाठी राखलेल्या खोल्या संपत आल्यात आणि यादीत माझं नाव दिसत नाही, असं त्याने सांगितलं.

निबंधाचं शीर्षक त्याच्या तोंडून ऐकलं आणि माझा विश्वास बसला. कार्यक्रमपत्रिका सगळ्यांसाठी खुली होती, कुणीही उघडून वाचावी अशी, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. परिषदेच्या आयोजकांचा या फोनशी काहीही संबंध नव्हता. मोठ्या परिषदा जाहीर झाल्या की वक्त्यांची नावं उचलून असे फोन आणि ईमेल करणाऱ्या टोळ्या असतात, हे मला फार उशिरा कळलं.

घाई मलाही होती. मुंबईत व्हिसाच्या अपॉइंटमेंटला नऊ दिवस उरले होते आणि शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या व्हिसाच्या, कागदांत राहण्याच्या जागेचा पुरावा द्यावाच लागतो. त्याने ईमेलने एक फॉर्म पाठवला. त्यात कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे आणि खाली सही. सहा रात्री, ११० युरो दराने ६६० युरो, पूर्ण रक्कम आधी, परतावा नाही. मी फॉर्म भरून, सही करून, स्कॅन करून पाठवला.

इथे नीट लक्ष द्या. ओटीपी आलाच नाही. थेट पैसे कापल्याचा मेसेज आला, साधारण ५४ हजारांचा. आपल्याकडे ओटीपीची इतकी सवय झालेली असते की ‘ओटीपी सांगितला नाही म्हणजे पैसे सुरक्षित’ असं वाटत राहतं. परदेशातल्या व्यवहारात कार्डाचा नंबर, मुदत आणि ते तीन आकडे एवढ्यावरही पैसे जाऊ शकतात. मेसेजमधलं कंपनीचं नाव ना हॉटेलचं होतं, ना परिषदेचं. तेही मी वाचलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी व्हाउचर आलं. हॉटेलचं चिन्ह, बुकिंग क्रमांक, माझं नाव, सगळं जागच्या जागी. आता तो कागद काढून पाहते तेव्हा दोन गोष्टी दिसतात. ईमेलच्या पत्त्यात परिषदेचं नाव होतं, पण त्याला पुढे ‘हाउसिंग’ जोडलेलं होतं. आणि हॉटेलचा म्हणून छापलेला फोन नंबर हॉटेलचा नव्हताच. त्यावर फोन केला असता तर पुन्हा त्याच लोकांनी उचलला असता.

जुलैच्या अखेरीस मी हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरून विचारलं, विमान पहाटे उतरतं, सामान आधी ठेवता येईल का? दोन ओळींचं उत्तर आलं. या नावाने आमच्याकडे बुकिंग नाही आणि या कंपनीशी आमचा कसलाही व्यवहार नाही.

पैशांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीने धडकी भरली. तोवर व्हिसा लागून पासपोर्ट हातात आला होता, आणि व्हिसासाठी दिलेल्या फाइलमध्ये माझ्या सहीच्या अर्जासोबत खोटं व्हाउचर होतं. खोटा कागद मी दिला होता, मला माहीत नसताना का होईना. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी दुसरी खोली घेतली. झालेली हकीकत, नवं बुकिंग आणि पोलीस तक्रारीची प्रत जोडून वकिलातीला ईमेल केला आणि त्याची छापील प्रत प्रवासभर पासपोर्टसोबत ठेवली. कुणावर अशी वेळ आली तर हे लपवू नका, आधी स्वतःहून कळवा.

बँकेने कार्ड बंद करून नवं दिलं, पैसे मात्र दिले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ग्राहकाने स्वतःच माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. मी कळवलं सहा आठवड्यांनी. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण त्या नंबरचा खरा उपयोग पहिल्या काही तासांत असतो, पैसे पुढे सरकायच्या आत.

‘जवळच्या खोल्या संपताहेत’ ही भीतीही पोकळ होती. काँग्रेस सेंटर मेट्रोच्या सी मार्गावरच्या विशेह्राद स्टेशनाला लागूनच आहे. मी ओपातोवला राहिले, तिथून सातवं स्टेशन. विशेह्रादहून राष्ट्रीय संग्रहालय तर दुसऱ्याच स्टेशनावर. हे मी आधी नकाशात पाहिलं असतं तर त्या माणसाला ‘दोन दिवसांनी सांगते’ म्हणाले असते.

हॉटेलचं उत्तर आलं त्याच रात्री मी कार्यक्रमपत्रिका उघडून ओळखीची नावं शोधली आणि चौघांना फोन लावले. दोघींना तसाच फोन येऊन गेला होता. त्यांतल्या नागपूरच्या ताई म्हणाल्या, ‘अगं, फॉर्म भरून ठेवलाय मी, उद्या ऑफिसात स्कॅन करणार होते.’ मी फोनवर असतानाच त्यांनी तो फाडला.