फ्रीव्ह्यू की फ्रीसॅट? रेकॉर्डिंग करायचं असेल तर

इंग्लंडात नवीन घर घेतलेल्या दोघा-तिघा मित्रांनी एवढ्यात हाच प्रश्न विचारला म्हणून एकदाच नीट लिहितो. महिन्याचं सबस्क्रिप्शन नको, टीव्ही लायसन्स भरतोच आहोत, तर मग फुकट चॅनल दाखवणारा टीव्ही रेकॉर्डर छपरावरच्या अँटेनावर चालणारा फ्रीव्ह्यूचा घ्यायचा की डिशवरचा फ्रीसॅटचा. मी दोन्ही वापरलेत, इथे पोर्ट्समथला, आधी चार वर्षं फ्रीव्ह्यू आणि २०२२ च्या शेवटापासून फ्रीसॅट. हार्डडिस्क केवढी, चॅनल किती ते खोक्यावर लिहिलेलं असतं त्यात शिरत नाही, आणि मराठी चॅनल दोन्हीकडे नाही हे तुम्हाला माहीतच असेल.

नुसतं बघायला दोन्ही सारखेच हो. रेकॉर्डिंगचं मात्र वेगळं आहे. समोर बसून बघताना चित्र बिघडलं तर आपण दुसऱ्या चॅनलवर जातो, इंटरनेटवर बीबीसीचं आयप्लेअर लावतो, काहीतरी मार्ग काढतो. रेकॉर्डिंग चालू असताना आपण ऑफिसात किंवा झोपेत असतो, बिघडलंय ते दोन दिवसांनी कळतं आणि तोवर हातात काही राहिलेलं नसतं. त्यामुळे कोणाचं चित्र जास्त छान यापेक्षा आपल्या पाठीमागे कोण कमी दगा देतं एवढंच मी बघतो.

फ्रीव्ह्यूबद्दल माझ्या मनात राग नाही. २०१८ मध्ये घर घेतलं तेव्हा फ्रीसॅटवरून चॅनल फोर एचडी नुकतंच गेलं होतं, ते परत आलं थेट २०२१ च्या डिसेंबरात, म्हणून तेव्हा अँटेनाच बरा वाटला आणि त्याचा फायदाही झाला. २०२१ च्या फेब्रुवारीत भारतात झालेल्या इंग्लंडविरुद्धच्या टेस्ट चॅनल फोरने फुकट दाखवल्या, आपल्या इथल्या पहाटे चारला सुरू. अश्विनचं चेन्नईतलं शतक सोमवारी झालं, मी दिवसभर व्हॉट्सअ‍ॅप बंद ठेवून काम केलं आणि संध्याकाळी सगळं रेकॉर्डिंग एचडीत बघितलं, एक फ्रेमसुद्धा फाटली नाही. शिवाय अँटेनाची एकच वायर घरात येते आणि रेकॉर्डरमधले दोन-तीन ट्यूनर, म्हणजे एकेक चॅनल पकडणारे भाग, तिच्यावरच चालतात, हे सुख मोठं आहे.

गाडी अडली ती उन्हाळ्यात. २०२२ च्या जुलैत आई पुण्याहून आलेली, तिला टेनिसचं भारी वेड, आणि विम्बल्डनच्या फायनलच्या दिवशी आम्हाला लंडनला एकांकडे जेवायला जाणं भाग होतं. येताना गाडीत रेडिओसुद्धा लावला नाही, आईने तसं बजावलं होतं. घरी आलो, चहा टाकला, रेकॉर्डिंग लावलं, तीन सेट बरे गेले आणि चौथ्या सेटपासून नुसते चौकोन, आवाज तुटतोय, टायब्रेकमध्ये जोकोविच सर्व्ह करतोय की किरियॉस तेही कळेना. पूर्वी दूरदर्शनला मुंग्या यायच्या तरी माणूस दिसायचा, डिजिटलमध्ये सगळंच जातं. लिस्टमध्ये मात्र रेकॉर्डिंग पूर्ण झालं असंच दाखवत होतं. मॅच नंतर आयप्लेअरवर मिळाली, पण आई उठून झोपायला गेली होती.

बाहेर हवा एकदम स्वच्छ, पान हलत नव्हतं, आणि कारण नेमकं तेच. हवेचा दाब वाढला की खाली गार हवा आणि वर गरम हवेचा थर असं बसतं, मग या लहरी वाकून नेहमीपेक्षा खूप लांब पोचतात, आणि आमच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्रापलीकडचे फ्रान्सचे ट्रान्समीटर आपल्याच फ्रिक्वेन्सीवर येऊन आदळतात. अशा वेळी रीट्यून, म्हणजे चॅनल नव्याने शोधणं, अजिबात करू नका, असलेले चॅनलही जातात. आमचा ट्रान्समीटर आइल ऑफ वाइटवरचा रोरिज, तो आडवा आणि उभा दोन्ही सिग्नल देतो, म्हणून परके आडवे सिग्नल कमी पकडले जावेत यासाठी माणूस बोलावून अँटेना उभा करून घेतला. फरक पडला, नाही असं नाही, पण त्याच महिन्यात पारा चाळिशीला गेला त्या आठवड्यात परत दोन रेकॉर्डिंग गेली.

मग डिश. भिंतीवर आधीच्या मालकाची होतीच, वाटलं वायर जोडली की झालं, तर तिच्यावर स्काय क्यू या पैसे भरून घ्यायच्या सेवेचा वाइडबँड एलएनबी (डिशच्या समोरचा सिग्नल पकडणारा भाग) निघाला, तो फ्रीसॅटच्या बऱ्याच बॉक्सना चालत नाही, तो बदलावा लागला. आणि एक रेकॉर्ड करताना दुसरं बघायचं तर साध्या एलएनबीवरून दोन वायरी आत आणाव्या लागतात, म्हणजे भिंतीला भोक, आणि बायकोची परवानगी मिळवायला मला एक आठवडा लागला. उपग्रह २८.२ अंश पूर्वेला आहे, इथून आग्नेयेकडे आणि क्षितिजापासून जेमतेम पंचवीस-सव्वीस अंश वर, तेव्हा शेजाऱ्याचं झाड मध्ये येत नाही ना ते पानं असताना बघा, हिवाळ्यात बघून फसायला होतं.

पावसात जात नाही का, असं सगळे विचारतात. जातं. वादळी पाऊस डोक्यावर आला की पाच-दहा मिनिटं जातं, माझ्याकडे तसं फार तर तीन-चारदा झालंय, आणि रिमझिम तर त्याला कळतही नाही. दहा मिनिटांचं भोक मी सोसू शकतो, छान हवेत आठवडाभर रोज संध्याकाळी जाणारं चित्र नाही.

फ्लॅटमध्ये भाड्याने असाल, डिश लावू देत नसतील, तर अँटेनाच, त्यात विचार करायचं काही नाही. ट्रान्समीटर समोर दिसतोय आणि समुद्र लांब आहे अशा ठिकाणी, म्हणजे बर्मिंगहॅमच्या बाजूला वगैरे, कदाचित तुम्हाला माझा त्रास कधी होणारही नाही. डोंगरात, मोठ्या ट्रान्समीटरचा सिग्नल पुढे पाठवणाऱ्या छोट्या रिले ट्रान्समीटरवर असाल तर मात्र तिथे निम्मेच मल्टिप्लेक्स, म्हणजे चॅनलचे गठ्ठे, मिळतात, तिथे डिशच. अँटेनावरचं प्रसारण निदान २०३४ पर्यंत आहे, त्यामुळे आज रेकॉर्डर घेऊन उद्या भंगारात जाईल ही भीती नको. नवीन टीव्हीत फ्रीली येतं, म्हणजे हेच फुकट चॅनल इंटरनेटवरून, ते चांगलं आहे, पण त्यात रेकॉर्डिंग नाही, तेव्हा ते या हिशोबात धरू नका.

आई या जूनमध्ये परत येतेय. विम्बल्डनचे दोन्ही आठवडे फ्रीसॅटवर लावणार आहे, अँटेनाची वायर वरच्या खोलीतल्या टीव्हीला दिलीय.